निळे करवंद

माझ्या हातून एक झाड मेले. वाडीत जन्म गेलेल्या माणसाने असल्या गोष्टीचा फारसा बोभाटा करू नये, हे मला समजते. माड भुंग्याने पोखरले जातात, पोफळी कोळेरोगाने झडतात, आणि केळी तर वारा जरा मोठ्याने बोलला तरी आडव्या होतात. प्रत्येकीचे सुतक धरावयाचे म्हटले तर अलिबागच्या वाडीवाल्यास दाढी करावयास दिवस मिळावयाचा नाही. पण हे झाड निराळे होते. उंचीने ते माझ्या कमरेपर्यंतही पोचले नव्हते आणि माझ्या अंगणात त्याने पुरती तीन वर्षेही काढली नव्हती. तेवढ्या अवधीत त्याने मला सात फळे दिली. त्यांतील एकेक फळ मला किती रुपयांस पडले, हे मी घरात अद्याप कोणास सांगितलेले नाही. तरीसुद्धा त्या झाडावर माझा राग नाही. उलट त्याचे थोडे ऋण मजवर आहे, आणि ते फेडण्याचा हा एक प्रयत्न आहे.

झाड ब्ल्यूबेरीचे होते. नारळ-सुपारीच्या या मुलखात, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी, ब्ल्यूबेरी लावण्याची बुद्धी एखाद्या शहाण्या माणसास का व्हावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो माझ्या पत्नीच्याही मनात आला होता, आणि तिने तो मोठ्याने विचारलाही होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे गेले पाहिजे.

मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे. गेली तीस वर्षे मी मुलांना न पाहिलेली फुले, न ऐकलेले पक्षी आणि अंगावर कधी न पडलेला बर्फ शिकवीत आलो आहे. डॅफोडिलचे फूल मी पाहिले ते छापील. नाइटिंगेलचा कंठ मी ऐकला तो पुस्तकाच्या शेवटच्या टिपांमधून. याची मला कधी लाज वाटली नाही, कारण माझ्या गुरूंचीही हीच तऱ्हा होती आणि त्यांच्या गुरूंचीही. पण एका वर्षी मी वर्गात रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची 'ब्ल्यूबेरीज' नावाची कविता वाचावयास घेतली. त्याच्या १९१४ सालच्या 'नॉर्थ ऑफ बॉस्टन' या संग्रहात ती आहे. रानातली फळे खाऊन आणि उरलेली विकून गुजराण करणारे एक कुटुंब तीत येते. फळे नेमकी कोठे लागतात, हे ते कुटुंब शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगत नाही. मी मोठ्या रंगात येऊन बोलत होतो. इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. कनकेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतून तो रोज एस. टी.ने येत असे.

"सर, ब्ल्यूबेरी म्हणजे नक्की कसलं फळ?"

"निळं करवंद समजा," मी म्हणालो.

"मग त्याला चीक असतो का, सर? ओठाला चिकटतो का?"

वर्ग हसला. मीही हसलो. परंतु उत्तर मजजवळ नव्हते. घरी येऊन मी कोश उघडला, तर त्यात फळाचे लॅटिन नाव होते, कुळ होते, व्युत्पत्ती होती. चीक असतो की नाही एवढेच तेवढे नव्हते. त्या मुलाचा प्रश्न खोडसाळ नव्हता. ज्याने फळ खाल्ले आहे तो माणूस जो प्रश्न विचारील, तोच त्याने विचारला होता. पुढे कितीएक वर्षे तो प्रश्न माझ्या मनाला, करवंदाचा चीक ओठांना चिकटावा तसा, चिकटून राहिला.

पुढे माझी मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीस गेली. २०१७ सालच्या जुलैत तिचे पत्र आले, म्हणजे हल्ली येते तसे, दूरध्वनीच्या पडद्यावर. सोबत छायाचित्र होते: कमरेएवढ्या झुडपांच्या रांगा, हातात बादली, बादलीत राखी झाक असलेली निळी फळे. खाली लिहिले होते, "बाबा, तुम्ही शिकवत होतात ते हेच ना? आम्ही स्वतःच्या हातांनी तोडली." पिढ्यान् पिढ्या जे आम्ही पुस्तकात वाचले ते माझी मुलगी बादलीत भरून घरी नेत होती. मी तिला उलट विचारले, "त्याला चीक असतो का?" तिने उत्तर दिले, "नाही. का हो?"

प्रश्न सुटला होता. तेथेच थांबावयास हरकत नव्हती. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसास जे वेड लागते ते सहसा तेथल्या तेथे थांबत नाही. मी पुण्याच्या एका रोपवाटिकेतून २०१८ च्या जानेवारीत ब्ल्यूबेरीचे एक रोप आणविले. त्यावर लहान घंटांसारखी पांढरी फुले लोंबत होती. मार्चअखेर त्यांची सात फळे झाली. आम्ही नवराबायकोंनी ती वाटून खाल्ली. पत्नीने सातवे मला दिले आणि म्हणाली, "बरं आहे. पण ह्यात आंबट काय आणि गोड काय ते कळत नाही." मला मात्र ते अमृत वाटले, कारण मी फळ खात नव्हतो, तीस वर्षांची टीप खात होतो.

रोप आणणे सोपे होते. आता ते जगवावयाचे होते. मग मी या झुडपाचा इतिहास वाचू लागलो, आणि त्या इतिहासाने मला चकित केले. हे फळ माणसाच्या बागेत येऊन पुरती सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. त्यापूर्वी ते उत्तर अमेरिकेच्या रानात आपले आपण येत असे, लोक ते वेचून खात, आणि बागेत लावावयास जाताच ते मरत असे. शेतकरी त्यास चांगल्यांतली चांगली जमीन देत, शेणखत देत, चुना घालीत, आणि झुडूप या सर्व उपकारांखाली प्राण सोडी. फ्रेडरिक कोव्हिल हे अमेरिकेच्या कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९०६ च्या सुमारास या गोष्टीचा छडा लावण्यास आरंभ केला आणि १९१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निष्कर्ष मोठा गमतीचा होता. इतर पिकांस जी जमीन नापीक तीच या झुडपास हवी. त्यास आंबट, आम्ल माती लागते. चुना त्याचा शत्रू. आणि त्याच्या केसांसारख्या बारीक मुळांशी एक बुरशी सहवास करून राहते. ज्याला जे प्रेमाने द्यावयाचे तेच त्याचे विष ठरावे, हा अनुभव आईबाप आणि शिक्षक या दोघांसही अपरिचित नसावा.

कोव्हिलसाहेबांचे ते पुस्तक १९११ साली न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंच्या वाचनात आले. त्यांच्या वडिलांचे क्रॅनबेरीचे मळे होते. त्यांनी पत्र लिहून कोव्हिलांना आपली जमीन देऊ केली आणि स्वतः एक काम अंगावर घेतले. आसपासच्या रानात फळे वेचणारी जी गरीब माणसे होती त्यांना त्यांनी एकेक पट्टी दिली. पट्टीस पाच अष्टमांश इंच व्यासाचे, म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटरांचे, भोक होते. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून पार होणार नाही ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या, अशी बोली होती. इतकेच नव्हे, तर ज्याने झुडूप शोधले त्याचेच नाव त्यास द्यावयाचे. रूब लीक नावाच्या गृहस्थाने शोधलेल्या झुडपाचे 'रूबेल' झाले, आणि ती जात आजही लावली जाते. अशा निवडक झुडपांच्या संकरांतून १९१६ साली लागवडीच्या ब्ल्यूबेरीचे पहिले पीक बाजारात आले. आज हे फळ दक्षिण अमेरिकेतील पेरू देशापासून निघून मुंबईच्या बाजारात काचेसारख्या डब्यांतून येते. पण त्याचे मूळ त्या भोक पाडलेल्या पट्टीत आहे, आणि ज्यांना आपल्या रानातले प्रत्येक झुडूप ठाऊक होते त्या फळवेच्यांच्या डोळ्यांत आहे.

हे मी वाचले, वहीत टिपून घेतले, आणि त्यातला खरा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. मला वाटले, आपणास आता आंबट माती तेवढी मिळविली पाहिजे.

आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी माझ्या अंगणातील माती तपासून दिली. मातीच्या आम्लतेची जी मोजपट्टी आहे तीवर सात हा आकडा समतोलाचा. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. ब्ल्यूबेरीस साडेचार ते साडेपाच हवे. माझी माती आठाच्या घरात होती. समुद्राने शतकानुशतके टाकलेले शिंपले या रेताड मातीत विरघळत आलेले आहेत, आणि विहिरीच्या पाण्यातही चुना आहेच. "तीनच आकड्यांचा तर फरक!" मी म्हणालो. सहकारी हसून म्हणाले, "सर, या पट्टीवरची एकेक पायरी दसपटीची असते. तीन पायऱ्या म्हणजे हजारपट." इंग्रजीच्या प्राध्यापकास गणित असे मधूनमधून भेटावे लागते.

मे महिन्यापर्यंत मी विहिरीचे पाणी घातले होते. पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, जणू कोणी पानावर हिरव्या शाईने नकाशा काढला आहे. सहकाऱ्यांनी निदान केले: लोहाची उणीव. मातीत लोह नाही असे नव्हे. आहे, परंतु अल्क मातीत ते अशा रूपाने अडकून बसते की मुळांस उचलता येत नाही. मला त्या वेळी आमच्या गावच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण झाली. मुंबईस विजेच्या ट्राम सुरू होणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूच्या विचलित होणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस आणण्यात आले. दोन्ही ठिकाणची नोंद काही काळ बरोबरीने ठेवून मगच कुलाब्याची बंद केली गेली. वेधशाळेची इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. म्हणजे आमच्या गावात एका ठिकाणी लोखंडास मज्जाव, आणि दुसऱ्या ठिकाणी माझे झाड लोखंडाच्या एका कणासाठी तळमळत होते! पण त्यातील खरी गोष्ट वेगळीच होती. नाजूक वस्तूस जागा बदलून न्यावयाची असेल तर आधी तिला काय सोसत नाही ते पाहावे लागते. वेधशाळेच्या लोकांनी ते पाहिले होते. मी नाही.

मग माझी शुश्रूषा सुरू झाली. झाड मोठ्या कुंडीत हलविले. कुंडीत नारळाच्या सोडणाचा भुसा घातला, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखालून सुकलेल्या काड्यांचा पालापाचोळा पोत्याने आणून वर पसरला. चिमूटभर गंधक मिसळले. मातीतील जिवाणू त्याचे हळूहळू आम्ल करतात. विहिरीचे पाणी बंद करून पागोळ्यांचे पाणी पिंपांत साठविण्यास आरंभ केला. जूनमध्ये पाऊस लागला आणि झाडाने अंग झटकले. वरून येणारे पाणी मऊ, बिनचुन्याचे. पंधरा दिवसांत नवी पालवी हिरवीगार आली. मी न्यू जर्सीस विजयाची वार्ता कळविली.

एकदा मात्र मी परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेलो असता वाडीतल्या आमच्या वृद्ध गड्यास झाडाची दया आली. चुलीची राख आणि सुक्या मासळीचे खत त्याने दोन्ही ओंजळींनी कुंडीत घातले. या दोन वस्तूंनी आमच्या तीन पिढ्यांचे माड पोसले आहेत. "दादा, पोर अशक्त दिसलं, म्हणून घातलं," तो म्हणाला. राख म्हणजे चुन्याची सख्खी बहीण! मी रागावणार होतो. पण अमेरिकेतील शेतकऱ्यांनीही हेच केले होते, हे आठवून गप्प बसलो आणि कुंडीतली माती बदलावयास घेतली.

त्या मातीसाठीच मी २०१९ च्या फेब्रुवारीत कनकेश्वराच्या उतारावर गेलो. तेथली तांबडी माती आमच्या किनाऱ्याच्या मातीहून आंबटाकडे झुकणारी. पायऱ्या चढून थोडे वर गेलो, वाटेपासून बाजूस झालो आणि खाली बसून पिशवी भरू लागलो. एवढ्यात मागून कोणी तरी माझ्या सदऱ्याची बाही धरली. वळून पाहतो तो करवंदीची जाळी! तिचे दोन-दोन टोकांचे काटे बाहीत घट्ट रुतले होते. जाळी फुलली होती. चांदणीच्या आकाराची ती पाच पाकळ्यांची पांढरी फुले, आणि त्यांचा तो जुईची आठवण करून देणारा वास. बाही सोडवीत मी तेथे किती वेळ बसून राहिलो कोणास ठाऊक. कारण तो वास माझ्या घरचा होता.

आमच्या वाडीच्या उत्तरेच्या बांधावर करवंदीचे कुंपण होते. ते माझ्या आईने लावले होते. लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात तिने चर खणून बी पेरले, असे ती सांगे. त्याला कोणी पाणी घातले नाही, खत घातले नाही. चुना असो, खार असो, कातळ असो, करवंदीने कधी तक्रार केली नाही. पावसाळ्याअखेर गडी कोयतीने तिचे डोके सारखे करी, एवढीच काय ती तिची शुश्रूषा. गुरे आत येत नसत. मुलेही येत नसत. चोर तर नाहीच. एप्रिलात हिरव्या करवंदांचे लोणचे पडे, आणि मे महिन्यात पिकलेली काळी करवंदे आम्ही भावंडे झाडाखालीच खात असू. खाण्याआधी प्रत्येक करवंदाचे भविष्य सांगावयाचे: कोंबडा की कोंबडी? फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. हरणाऱ्याने आपले करवंद जिंकणाऱ्यास द्यावयाचे. माझ्या धाकट्या बहिणीस हे भविष्य असे अचूक कळे की तिच्याशी खेळणे म्हणजे उपवास करणे.

२०११ साली मी ते कुंपण काढून टाकले. घराचे नूतनीकरण चालले होते. ठेकेदार म्हणाला, चिऱ्याची भिंत शोभेल. मुंबईहून येणारे पाहुणे काट्यांना नावे ठेवीत. मलाही वाटले, प्राध्यापकाच्या घरास भिंत असावी. दोन दिवसांत चाळीस वर्षांची करवंद जमिनीतून उखडून जाळून टाकली. उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यात एक खोड राहिले. ते एका मोठ्या दगडाच्या बुंध्याशी इतके घट्ट बसले होते की मजुरांनी त्याचा नाद सोडला. आई ओटीवर बसून पाहत होती. ती काही बोलली नाही. जेवताना मात्र म्हणाली, "म्हणजे पुढल्या वर्षी लोणचं नाही म्हणायचं." मी म्हणालो, "बाजारात मिळतं की!" २०१४ साली आई गेली. मधल्या तीन वर्षांत मी तिला बाजारातून करवंदाचे लोणचे एकदाही आणून दिले नाही.

कनकेश्वराच्या उतारावर, हातात परदेशी झाडासाठी भरलेली मातीची पिशवी घेऊन, मला हे सर्व आठवले. मी त्या दिवशी माती घेऊनच घरी आलो. माणूस एका क्षणात शहाणा होतो असे कादंबऱ्यांत असते.

ब्ल्यूबेरी त्या वर्षी जगली, पण फुलली नाही. त्याचेही कारण मग मला पुस्तकात सापडले. कोव्हिलसाहेबांनीच पुढे १९२० च्या सुमारास दाखवून दिले होते की या झुडपास थंडी लागते. ऊबदार काचघरात हिवाळा काढलेली झाडे वसंतात नीट जागी होत नाहीत; गारठ्यात झोपलेलीच वेळेवर उठतात. उत्तरेकडील जातींस सात अंशांखालचे आठशे-हजार तास हवेत. फ्लॉरिडात तयार केलेल्या जातींचे त्याहून पुष्कळ कमी तासांत भागते. अलिबागेस पारा पंधराच्या जवळ आला तर आम्ही शाली काढतो आणि एकमेकांस "काय थंडी हो!" असे म्हणतो. माझे झाड बिचारे झोपेची वाट पाहत उभे होते. माती मी कनकेश्वराहून आणली, पाणी आभाळातून आणले. हिवाळा कोठून आणू?

आणि मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. त्या दिवसाचे वर्णन मी करीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांस त्याची गरज नाही. करोनाच्या टाळेबंदीने आम्ही घरात कोंडलेलेच होतो. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तेव्हा आमचे अकरा माड आडवे होते, पोफळी मोजण्याचे मी सोडून दिले, आणि शेजारचा जुना आंबा माझ्या चिऱ्याच्या भिंतीवर पडून चाळीस फूट भिंत जमीनदोस्त झाली होती. वीज तीन आठवडे नव्हती. ब्ल्यूबेरीची कुंडी मी आदल्या रात्री पडवीत आणून ठेवली होती, त्यामुळे ती वाचली. पण पुढल्या महिन्याभरात छप्पर, माड, पंचनामे, औषधपाणी यांच्या धांदलीत ती पुन्हा अंगणात गेली आणि तिच्या बुडाचे भोक पाचोळ्याने बुजले, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आमचा पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांवर पडतो. ज्या पावसाने तिला एकदा जीवदान दिले त्याच पावसाचे पाणी तिच्या मुळांशी तुंबले आणि ऑगस्टमध्ये ती गेली. उपटून पाहिले तो मुळे काळी पडून सुटी झाली होती.

त्याच दिवशी मी पडलेल्या भिंतीकडे गेलो. उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यात आंब्याच्या मोडक्या फांद्यांखाली, विखुरलेल्या चिऱ्यांमधून करवंदीच्या त्या जुन्या खोडास हातभर धुमारे आले होते. नऊ वर्षे ते भिंतीच्या सावलीत दबून होते. भिंत पडली आणि त्यास ऊन मिळाले. मी तेथे चिऱ्यावर बसलो. त्या वेळी मला एलिझाबेथ व्हाइट यांची ती भोक पाडलेली पट्टी आठवली आणि तिचा अर्थ प्रथमच कळला. त्या बाईंनी परदेशातून काही आणविले नव्हते. आपल्या दारच्या रानात जे झुडूप पिढ्यान् पिढ्या फुकट फळत होते त्याकडे त्यांनी नीट पाहिले, आणि ते ओळखणाऱ्या गरिबांना त्यांनी विचारले. मी त्यांचे फळ घेतले, आणि त्यांची नजर घ्यावयाची ती राहून गेली.

याचा अर्थ परदेशी झाड लावू नये असा मी करीत नाही. मिरची, काजू, पेरू, पपई हे सर्व समुद्रापलीकडूनच आलेले पाहुणे आहेत आणि आज ते घरचे झाले आहेत. ज्यास आपली हवा सोसते त्याने खुशाल यावे. तसेच करवंद म्हणजे आमची ब्ल्यूबेरी, असेही मी आता म्हणत नाही. ती वर्गातील माझी थाप होती. दोघांचे नाते मुळीच नाही: करवंद कण्हेरीच्या आणि सदाफुलीच्या कुळातले, म्हणून त्यास चीक, ब्ल्यूबेरीची रानटी भावंडे पाहावयाची तर नीलगिरीच्या थंड माथ्यावर जावे लागते. एकाची उपमा दुसऱ्यास देऊन आपण दोघांनाही ओळखण्याचे टाळतो. करवंदास करवंद म्हणूनच पाहिले पाहिजे, आणि तसे पाहणारे लोक अगदीच नाहीत असेही नव्हे. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' नावाची निवड काढली आहे. परंतु डोंगरावर जी ठाकर आणि कातकरी माणसे कोणत्या जाळीचे फळ गोड आणि कोणत्या जाळीचे तुरट हे डोळे मिटून सांगतील, त्यांच्यापैकी कोणाचे नाव एखाद्या करवंदीस दिले गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२०२१ च्या मे महिन्यात मला तो जुना विद्यार्थी भेटला. तो आता एका प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मी त्यास म्हणालो, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ब्ल्यूबेरीला चीक नसतो." तो क्षणभर गोंधळला, मग त्यास आठवले, आणि तो खळखळून हसला. मी कुंपणाचा बेत सांगितला. तो म्हणाला, "सर, बी वाळवून ठेवू नका. ताजंच पेरा, नाहीतर उगवायचं नाही. आणि जाळी बघून फळ घ्या." दुसऱ्याच रविवारी तो मला एका कातकरी बाईकडे घेऊन गेला. तिने पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदे घालून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "ही वरल्या जाळीची हायत, दादा. गोड." मी किंमत विचारली. तिने जी सांगितली ती ऐकून, माझी ती सात फळे मला किती रुपयांस पडली होती हे आठवून, मी तिने सांगितली त्याच्या दुप्पट दिली. तिला त्याचे आश्चर्य वाटले. मला मात्र वाटले, तीस वर्षांत प्रथमच मी एखाद्या धड्याची फी भरीत आहे.

त्या फळांचे बी धुऊन, पहिल्या पावसाबरोबर, आईने खणला होता त्याच रेषेत चर खणून, दोन-दोन फुटांवर पेरले. भिंत पुन्हा बांधली नाही. तीन आठवड्यांनी कोंब दिसले.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी आणि नात आल्या. नात पाच वर्षांची. ब्ल्यूबेरी तिच्या रोजच्या न्याहारीतली. कुंपण आता तिच्या खांद्याएवढे झाले आहे आणि त्याला यंदा पहिली करवंदे धरली होती. कोपऱ्यातल्या जुन्या खोडाला तर पुष्कळच. मी तिला एक काळेभोर करवंद दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले.

"आजोबा, ब्ल्यूबेरी?"

"नाही ग. करवंद. आधी सांग, आत कोंबडा की कोंबडी?"

तिला खेळ समजावून सांगावा लागला. समजल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "पण ब्ल्यूबेरी आतून नेहमी पांढरीच असते." म्हणजे नेहमी कोंबडी! हे ज्ञान मला सात फळे खाऊनही झाले नव्हते. मग तिने करवंदाकडे डोळे बारीक करून पाहिले आणि आपले भविष्य सांगितले, "कोंबडा!" फोडले, तो आत लाल.

तिने ते तोंडात टाकले, ओठ एकमेकांवर दाबले, आणि ते चिकटलेले पाहून मोठ्याने हसली. ओटीवर माझ्या पत्नीने हिरव्या करवंदांना मीठ लावून बरणी भरून ठेवली होती. दहाहून अधिक वर्षांनी आमच्या घरी लोणचे पडले होते. ते ज्या व्यक्तीने विचारले होते ती मात्र ते खावयास नव्हती. आणि या गोष्टीवर कोणत्याही मातीत, कोणत्याही पाण्यात उपाय नाही.